कष्टाचे स्नायू आणि सीपीकेचा आकडा

कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तात सीपीके या नावाने मोजल्या जाणाऱ्या विकराचे प्रमाण वाढलेले आढळले, तर त्या वाढीचा दोष गोळीला देण्यापूर्वी त्या माणसाने मागच्या आठवड्यात कोणती कामे केली, हे विचारणे आवश्यक असते, आणि नेमके तेच पुष्कळदा राहून जाते. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या शहरी माणसाच्या बाबतीत या उणिवेने फारसे बिघडत नाही. परंतु मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत असलेल्या तुकईथडसारख्या गावात, जिथे बहुसंख्य माणसांची उपजीविका अंगमेहनतीवर चालते, तिथे ती उपचाराची दिशाच बदलून टाकू शकते. अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज लोहमार्गावरचे हे गाव महाराष्ट्रातील मेळघाटाला लागून असलेल्या सातपुड्याच्या पट्ट्यात येते. कापूस, सोयाबीन आणि केळी ही या जिल्ह्यातील पिके असून केळीचे घड खांद्यावरून वाहणे, वखरणी, पोती उचलणे आणि उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर गेलेल्या तापमानात बांधकामावर राबणे ही इथल्या स्नायूंची नित्याची कामे आहेत.

हृदयविकार, मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे शहराचे आजार आहेत, ही समजूत आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेह जडलेल्या चाळिशीपुढच्या बहुतेक रुग्णांना, तसेच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या जवळजवळ सर्वांनाच स्टॅटिन या गटातील औषध सुचवले जाते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन हे त्यांतील औषध भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत असून जनऔषधी केंद्रांत ते अल्प दरात मिळते. गोळी अशी खेड्यापर्यंत पोहोचली आहे. तिच्यासोबत येणाऱ्या तपासण्यांचा अर्थ मात्र तितक्या सहजपणे पोहोचलेला नाही.

अहवालावर सीपीके किंवा सीके अशा आद्याक्षरांनी छापला जाणारा पदार्थ म्हणजे क्रिएटिन कायनेझ. क्रिएटिन फॉस्फोकायनेझ हे त्याचेच जुने नाव. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या आणि त्यांना वेग देणाऱ्या प्रथिनांना विकर, म्हणजेच एन्झाइम, म्हणतात, आणि क्रिएटिन कायनेझ हे मुख्यतः स्नायूंच्या पेशींतले विकर आहे. स्नायू आकुंचन पावताना एटीपी हा ऊर्जावाहक रेणू खर्ची पडतो. जोराच्या श्रमात त्याचा साठा दोन-तीन सेकंदांतच संपण्याच्या बेतात येतो, तेव्हा क्रिएटिन फॉस्फेट या राखीव साठ्यातून तो लगोलग भरून काढण्याचे काम हे विकर करते. त्याची जागा पेशीच्या आत असते. पेशीचे आवरण फाटले, ताणले गेले किंवा दुबळे झाले की ते बाहेर झिरपते आणि रक्तात येते. सीपीकेची तपासणी म्हणजे या झिरपलेल्या विकराचे मोजमाप होय. विकर झिरपले एवढे त्यातून कळते, कशामुळे झिरपले हे त्यातून कळत नाही, आणि या तपासणीभोवतीचे बहुतेक गैरसमज हा भेद न ओळखल्यामुळे निर्माण होतात.

हे मोजमाप रोगनिदानासाठी वापरता येईल, हे जपानमधील सेत्सुरो एबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवून दिले. स्नायू क्रमाक्रमाने क्षीण करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या रक्तात हे विकर प्रचंड प्रमाणात सापडते, असे त्यांना आढळले होते. पुढे या विकराचे तीन प्रकार ओळखले गेले. त्यांपैकी एमएम हा हातापायांच्या स्नायूंत, बीबी मेंदूत आणि एमबी हा हृदयाच्या स्नायूंत विशेष आढळतो. त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी अनेक वर्षे एमबीची मोजणी केली जात असे. आता त्या कामासाठी ट्रोपोनिन ही अधिक नेमकी तपासणी आहे. एकूण सीपीके वाढलेले पाहून हृदयाला काही झाले असावे अशी जी धास्ती घरोघरी घेतली जाते, तिला म्हणूनच आधार नसतो, कारण रक्तातील एकूण सीपीकेचा बहुतांश वाटा हातापायांच्या आणि पाठीच्या स्नायूंकडून आलेला असतो.

ज्या औषधामुळे ही तपासणी घराघरांत पोहोचली, त्याचा उगमही जपानमध्येच झाला. अकिरा एन्दो या जीवरसायनशास्त्रज्ञाने हजारो बुरशी तपासून १९७३ साली पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून पहिला स्टॅटिन वेगळा काढला, आणि १९८७ साली लोव्हास्टॅटिन हे या गटातील पहिले औषध अमेरिकेत वापरात आले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतील एका महत्त्वाच्या विकराला हे औषध अडवते. त्यामुळे यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातील एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचणारे कोलेस्टेरॉल, अधिक प्रमाणात ओढून घेऊ लागते. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमधील मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळले, आणि त्यानंतर या औषधाच्या उपयुक्ततेविषयी गंभीर शंका उरली नाही. स्नायूंवरील परिणामाची भीती मात्र उरली, आणि तिला कारणही घडले होते. सेरिव्हास्टॅटिन हे या गटातील एक औषध स्नायू विरघळवणाऱ्या तीव्र विकारामुळे झालेल्या मृत्यूंनंतर ऑगस्ट २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले. त्यातील बरेच रुग्ण जेमफायब्रोझिल हे दुसरे औषध त्याच वेळी घेत होते आणि त्यामुळे रक्तातील सेरिव्हास्टॅटिनचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत चढले होते.

आज वापरात असलेल्या स्टॅटिनांमुळे सीपीके दहापटींहून अधिक वाढून स्नायू खरोखर दुखावले जाण्याचा प्रकार वर्षाकाठी दहा हजार रुग्णांमागे सुमारे एकाच्या बाबतीत घडतो, आणि स्नायू विरघळण्याचा तीव्र प्रकार त्याहूनही विरळा आहे. याउलट अंगदुखीची तक्रार मोठ्या संख्येने रुग्ण करतात. या दोन गोष्टींतील अंतर समजून घेण्यासाठी २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले एक विश्लेषण मोलाचे आहे. कोणाला खरे औषध आणि कोणाला औषध नसलेली सारखीच दिसणारी गोळी मिळते आहे, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या १९ चाचण्यांतील जवळजवळ १ लाख २४ हजार माणसांची माहिती त्यात एकत्र करण्यात आली होती. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी आणि निव्वळ पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी स्नायूंच्या दुखण्याची तक्रार केली, म्हणजे ज्यांचे स्नायू दुखत होते त्यांच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांच्या दुखण्याला गोळी कारण नव्हती. जो थोडा फरक दिसला, तो प्रामुख्याने गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षातला होता.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ‘सॅमसन’ नावाच्या चाचणीत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने तपासला. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या देण्यात आल्या. चार बाटल्यांत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन होते, चारांत पोकळ गोळ्या होत्या आणि चार रिकाम्या होत्या. प्रत्येकाने दररोज आपल्या त्रासाला शंभरपैकी गुण दिले. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८, पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या औषधाच्या महिन्यांत १६.३ असे ते गुण आले. यावरून रुग्णांचे दुखणे खोटे किंवा काल्पनिक होते असा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल, कारण वेदना खरीच होती आणि गोळीच्या महिन्यांत ती खरोखरच वाढत होती. वाढवणारा घटक मात्र गोळीतील औषध नसून, गोळी घेतल्यावर त्रास होणारच या अपेक्षेने शरीराकडे लागलेले लक्ष हा होता. स्वतःचे निकाल पाहिल्यानंतर त्या साठांपैकी निम्म्या रुग्णांनी औषध पुन्हा सुरू केले.

सीपीकेचा आकडा वाचण्याचा प्रश्न या पार्श्वभूमीवर उभा राहतो. अहवालात आकड्याशेजारी जी संदर्भमर्यादा छापलेली असते ती प्रयोगशाळेच्या पद्धतीप्रमाणे बदलते. पुरुषांसाठी ती बहुधा २०० युनिट प्रतिलिटरच्या आसपास आणि स्त्रियांसाठी त्याहून कमी असते. ही मर्यादा निरोगी लोकांच्या एखाद्या गटाची मोजणी करून ठरवली जाते, आणि त्या गटातील लोक विश्रांत अवस्थेत असतील तर अंगमेहनत करणाऱ्या समाजाला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात वजने उचलण्याची सवय नसलेल्या निरोगी पुरुषांना एक तास तो व्यायाम करायला लावला, तेव्हा त्यांचे सीपीके कित्येक पटींनी वाढले आणि त्यासोबत वाढलेली इतर विकरे निदान आठवडाभर पूर्वपदावर आली नाहीत. हे लोक कोणतेही औषध घेत नव्हते. सवय नसलेले काम, विशेषतः उतारावरून ओझे घेऊन उतरणे किंवा जड वस्तू सावकाश खाली ठेवणे यांसारख्या स्नायू ताणला जात असतानाच जोर लावावा लागणाऱ्या हालचाली, सीपीके सर्वांत जास्त वाढवतात, आणि ही वाढ कामाच्या दिवशीच पूर्ण न दिसता पुढच्या तीन-चार दिवसांत कळसाला पोहोचते. केळीच्या काढणीच्या हंगामात, घड उतरवून वाहून नेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी रक्त दिलेल्या मजुराचा अहवाल ठळक अक्षरांत आला, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

दुसरे कारण याहूनही अधिक दुर्लक्षित आहे. दंडाच्या किंवा कमरेच्या स्नायूत घेतलेल्या इंजेक्शनामुळे त्या जागेच्या पेशी दुखावतात आणि सीपीके काही दिवस वाढलेले राहते. ग्रामीण भागात अंग दुखले की सुई टोचून घेण्याची सवय घट्ट रुजलेली आहे, आणि त्यातून घटनांची एक साखळी तयार होते: कामाने पाय दुखतात, वेदनाशामक सुई घेतली जाते, दुखणे थांबत नाही म्हणून तपासणी होते, सुईमुळे आणि कामामुळे वाढलेला आकडा समोर येतो आणि त्याच्या आधारावर कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली जाते. पुढे काम कमी होते, सुया थांबतात, आकडा उतरतो आणि गोळी बंद केल्यानेच तो उतरला अशी सर्वांची खात्री पटते. या साखळीत कोणीही जाणूनबुजून चूक केलेली नसते. तरीही ज्याला एक झटका येऊन गेलेला आहे अशा माणसाचे संरक्षण त्यातून काढून घेतले जाते.

तिसरे कारण गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत असते. ही ग्रंथी मंदावली की कोलेस्टेरॉल वाढते आणि त्याच वेळी स्नायू दुखू लागून सीपीकेही वाढते, शिवाय अशा अवस्थेत स्टॅटिनपासून स्नायूंना इजा होण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाची, विशेषतः स्त्रीची, टीएसएच ही थायरॉइडची तपासणी गोळी सुरू करण्यापूर्वीच करून घेतली तर काही वेळा मूळ दुखणेच सापडते. पडणे, मार लागणे, फीट येणे, अतिमद्यपान आणि ऊन लागणे ही सीपीके वाढवणारी आणखी काही कारणे आहेत.

याच संदर्भात यकृताच्या तपासणीविषयीही एक गोष्ट सांगणे भाग आहे. एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे यकृताची म्हणून ओळखली जातात, परंतु ती स्नायूंतही असतात आणि स्नायू दुखावल्यावर, त्यातही एसजीओटी अधिक, रक्तात वाढतात. स्टॅटिन घेणाऱ्या श्रमिकाचे एसजीओटी वाढलेले दिसले आणि सीपीके मोजलेच गेले नाही, तर गोळीने यकृत बिघडवले असा निष्कर्ष निघतो. सीपीके मोजले की दोन्ही आकडे स्नायूंमधूनच आले असल्याचे दिसून येते. सीपीकेची तपासणी खरोखर उपयोगी पडण्याच्या जागांपैकी ही एक आहे.

ज्याला काही त्रास नाही, त्याचे सीपीके दर काही महिन्यांनी मोजत राहण्याची शिफारस प्रमुख मार्गदर्शक तत्त्वे करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण विनाकारण मोजलेला आकडा विनाकारण चिंता निर्माण करतो. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा मोजणे मात्र काही जणांच्या बाबतीत हितावह असते: वृद्ध आणि कृश व्यक्ती, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा विकार असणारे, घरात स्नायूंचा आनुवंशिक आजार असणारे, पूर्वी अशा गोळीचा त्रास झालेले, आणि जड अंगमेहनत करणारे. या शेवटच्या वर्गाचा उल्लेख मार्गदर्शक पुस्तिकांत फार ठळकपणे येत नाही, तरी तुकईथडसारख्या गावांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण ज्याचा नेहमीचा आकडाच ३५० आहे त्याला पुढे ४०० आढळले तर त्यात काहीही घडलेले नसते. रक्त देण्यापूर्वी उपाशी राहण्याची गरज नसते. मात्र आठवडाभर अवजड किंवा नेहमीपेक्षा वेगळे काम आणि स्नायूतील इंजेक्शन टाळलेले असावे, आणि ते टाळता येणे शक्य नसेल तर कामाची, सुईची आणि चालू औषधांची नोंद नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेली असावी. रक्त एका गावात घेतले जाते आणि अहवाल दुसऱ्याच गावी वाचला जातो, तेव्हा एवढ्या तीन ओळी वाचणाऱ्याला फार मोठी मदत करतात.

गोळीमुळे होणाऱ्या दुखण्याचे स्वरूप बऱ्याच अंशी ठरलेले असते. ते गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत उद्भवते, दोन्ही बाजूंना सारखे असते आणि मांड्या, नितंब, पोटऱ्या किंवा खांदे अशा मोठ्या स्नायूंत जाणवते. एकाच गुडघ्याचे दुखणे किंवा पायाला मुंग्या येणे हे त्याचे लक्षण नव्हे. असा त्रास असून सीपीके मर्यादेच्या चारपटींच्या आत असेल, तर डॉक्टर दोन ते चार आठवडे गोळी थांबवून काय होते ते पाहतात. चार ते दहापटींच्या दरम्यान असेल आणि त्रासही असेल तर गोळी थांबवून आकडा उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजला जातो; त्रास नसेल तर देखरेखीखाली ती चालू ठेवता येते. दहापटींच्या वर गेल्यास गोळी तत्काळ बंद करून मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारे क्रिएटिनिन तपासले जाते. रक्तातील सीपीके साधारण दीड दिवसात निम्मे होत असल्याने, कारण खरोखर दूर झाले असेल तर आठवड्याभरातच मोठी घट दिसते. गोळी बंद करून कित्येक आठवडे लोटले तरी आकडा हजारांत राहतो आणि उठण्या-बसण्याची ताकद कमी होत जाते, तेव्हा एका दुर्मीळ विकाराचा विचार करावा लागतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे पंधरा वर्षांपूर्वी ओळखलेल्या या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्टॅटिन ज्या विकराला अडवते त्याच्याच विरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि त्यावर प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार करावे लागतात.

धोका वाढतो तो बहुधा दुसऱ्या औषधाच्या संगतीने. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन यांचे विघटन यकृतातील ज्या विकरामुळे होते, त्यालाच इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे जंतुविरोधी औषध रोखते, आणि मग स्टॅटिन रक्तात साचत जाते. भारतात गजकर्णाचा, म्हणजे नायट्याचा, प्रसार गेल्या काही वर्षांत एवढा वाढला आहे की इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे दिले जाते, आणि नायट्याचा उपचार करणाऱ्याला रुग्ण हृदयासाठीची गोळीही घेत असल्याचे ठाऊकच नसते. अशा वेळी तेवढ्या काळापुरते स्टॅटिन थांबवणे किंवा रोसुव्हास्टॅटिनसारखे या मार्गाने विघटित न होणारे औषध निवडणे हे डॉक्टरांना सहज शक्य असते. मात्र रोसुव्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण भारतीय वंशासह आशियाई लोकांत युरोपीय लोकांच्या सुमारे दुप्पट होत असल्याचे आढळल्यामुळे त्याची सुरुवात ५ मिलिग्रॅमपासून करण्याची सूचना आहे.

स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्या तर त्यांतील मायोग्लोबिन हे लाल प्रथिन मूत्रपिंडात उतरून त्याचे काम बंद पाडू शकते. या अवस्थेला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. असह्य दुखणे, हातपाय उचलता न येण्याइतका अशक्तपणा आणि काळ्या चहासारखी लघवी ही त्याची खूण असून ती दिसताच अहवालाची वाट न पाहता बऱ्हाणपूरच्या किंवा खंडव्याच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचणे गरजेचे असते, कारण शिरेवाटे भरपूर सलाइन दिल्याने मूत्रपिंड वाचू शकते, तर अशा स्थितीत घेतलेली वेदनाशामक सुई त्यालाच आणखी इजा करते. हा विकार गोळीविनाही होतो. मे महिन्याच्या उन्हात पुरेसे पाणी न पिता केलेले अतिश्रम त्याला पुरेसे ठरतात. मध्य प्रदेशाच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांनाही त्याचा धोका काहीसा अधिक असतो, असे अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले आहे.

गोळी खरोखरच सोसत नसल्याचे सिद्ध झाले, म्हणजे थांबवल्यावर त्रास गेला आणि पुन्हा दिल्यावर परत आला, तरी उपचार संपत नाही. पुष्कळ रुग्णांना वेगळा स्टॅटिन, कमी मात्रा किंवा एक दिवसाआड घेतलेले रोसुव्हास्टॅटिन सोसते. त्याला आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणाऱ्या एझेटिमाइबची जोड देता येते. बेम्पेडोइक अ‍ॅसिड हे नवे औषध त्याच साखळीला स्टॅटिनच्या आधीच्या टप्प्यावर अडवते, परंतु त्याला कार्यक्षम करणारे विकर यकृतात असते आणि हातापायांच्या स्नायूंत नसते, त्यामुळे स्नायूंमध्ये ते निष्क्रियच राहते. स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळजवळ १४ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने हृदयविकार, पक्षाघात आदी मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी केल्या. ते रक्तातील यूरिक अ‍ॅसिड वाढवते. म्हणून ज्याला पूर्वी गाऊट, म्हणजे सांध्यांत यूरिक अ‍ॅसिडचे स्फटिक साचून होणारे दुखणे, झालेले आहे त्याला ते देण्याआधी यूरिक अ‍ॅसिड तपासावे लागते, आणि गाऊटवर दिले जाणारे कोल्चिसिन स्टॅटिनच्या जोडीने स्नायूंना इजा करू शकत असल्यामुळे त्या रुग्णाला आधी कोणकोणती औषधे लिहून दिली गेली आहेत, हेही पाहावे लागते.